हिऱ्याचे माहेर

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



महोत्सव सुवर्णाचा आणि आम्ही विषय घेतला हिऱ्याचा, तेव्हा कार्यकारिणीतील एका स्नेह्यांनी आम्हांस विचारले, "हीरकमहोत्सवाला अजून दहा वर्षे आहेत, इतकी घाई कशाला?" त्यांना आम्ही एवढेच सांगितले की, दहा वर्षांनी सेवानिवृत्त होऊन आम्ही कोणत्या गावी असू याचा नेम नाही, आणि ज्या खुणांविषयी आज बोलावयाचे आहे त्या तर तितकी वर्षेही थांबतील असे दिसत नाही.

प्रारंभीच एक गोष्ट स्पष्ट केलेली बरी. आम्ही भूवैज्ञानिक नव्हे. शिक्षण बी. ए. पर्यंतचे, आणि उभी हयात केंद्र सरकारच्या हिशेब-तपासणीत गेलेली. बदलीच्या निमित्ताने गुंटकल, अनंतपूर, कर्नूल या बाजूस काही वर्षे फिरावे लागले आणि तेथे या विषयाचे वेड लागले. हिशेबाच्या माणसाला एक खोड असते. कोणतीही वस्तू पुढे आली की तो प्रथम विचारतो, ही आली कोठून? हिची आवक कोणत्या तारखेची? पावती कोठे आहे? हिऱ्यांच्या बाबतीत हा प्रश्न विचारून पाहावा, आणि मग जी गंमत दिसते ती आज आपणांसमोर मांडावी, एवढाच हेतू आहे.

आपल्या परिचयाचेच उदाहरण घेऊ. त्र्यंबकेश्वराच्या देवस्थानाशी ज्याचे नाव जोडलेले आहे तो नाशिकचा हिरा १८१८ साली, पेशवाई बुडाली तेव्हा, इंग्रजांच्या हाती पडला. तेथून पुढचा त्याचा सारा प्रवास कागदोपत्री आहे. तो लंडनला विकला गेला, विलायतेतल्या सरदारघराण्यात राहिला, पुढे अमेरिकेत गेला, आणि तेथे १९४० साली त्याला नव्याने पैलू पाडण्यात आले. मूळचे सुमारे ९० कॅरटांचे वजन उतरत उतरत ४३ कॅरटांच्या घरात आले. कोणी किती किंमत दिली, जकातीवरून कोणाचे भांडण कोर्टात गेले, हे सगळे मिळते. पण तो कोणत्या खाणीतून निघाला? कोणत्या साली? कोणाच्या हाताला लागला? या रकान्यात नोंद नाही. कोहिनूरचीही तीच कथा. १८४९ साली लाहोरच्या तहाने तो इंग्रजांकडे गेला, त्या वेळी त्याचे वजन १८६ कॅरट होते आणि १८५२ साली नव्याने पैलू पाडल्यावर ते सुमारे १०६ राहिले, हे पक्के. तो कृष्णाकाठच्या कोल्लूरचा, अशी सर्वत्र मान्यता आहे. पण मान्यता निराळी आणि पावती निराळी.

आपण सर्रास 'गोवळकोंड्याचे हिरे' म्हणतो. वास्तविक गोवळकोंडा ही बाजारपेठ, खाण नव्हे. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात ब्राझीलमध्ये हिरे सापडेपर्यंत, बोर्निओचा थोडासा माल वगळता, साऱ्या जगाचा हिरा भारतातला होता. आणि त्यातला फार मोठा वाटा कृष्णा व पेन्नार या नद्यांच्या खोऱ्यांतून येत असे. ताव्हेर्निए नावाच्या फ्रेंच जवाहिऱ्याने सतराव्या शतकात या खाणी स्वतः जाऊन पाहिल्या. १६७६ साली छापलेले त्याचे प्रवासवर्णन नीट वाचले तर खाणींचे जिवंत चित्र उभे राहते. कोल्लूरला पुरुष, बायका आणि मुले मिळून साठ हजार माणसे काम करीत होती असे तो लिहितो. पुरुषांनी दहा-चौदा फूट खोल, पाणी लागेपर्यंत खणावे. बायका-मुलांनी ती माती वाहून भिंत घातलेल्या अंगणात आणून टाकावी. तीवर पाणी सोडून चिखल वाहू द्यावा. उरलेले गोटे-रेती उन्हात वाळवून धान्यासारखे सुपाने पाखडावे, ढेकळे कुटावीत, आणि मग सर्वांनी ओळीने बसून हाताने शोधावे. आपल्या आया-आज्यांनी खळ्यावर जे केले तेच हे. फक्त दाण्याऐवजी हिरा. आणि या खाणींवरच्या जाणत्या कामगारांची मजुरी? वर्षाला तीन होनांच्या आसपास. मोठा खडा सापडून तो मालकाच्या हाती दिला तर बक्षीस म्हणून एक पागोट्याचे कापड.

दुसऱ्या एका खाणीवर, तो जिला रावळकोंडा म्हणतो आणि जी विजापूरहून आठ-नऊ दिवसांच्या वाटेवर होती, तेथला प्रसंग तर आम्हांला फारच आवडतो. व्यापाऱ्यांची दहा ते सोळा वर्षांची मुले रोज सकाळी गावातल्या मोठ्या झाडाखाली बसत. एका बाजूला वजनांची पिशवी, दुसऱ्या बाजूला होनांचा कसा. कोणी खडा विकावयास आणला की तो हातोहात फिरावा, भाव ठरावा, संध्याकाळी नफ्याची वाटणी व्हावी. आमच्या खात्यात भरती करावी अशी ही मुले!

कोल्लूरची खाण कशी लागली तेही ताव्हेर्निएने ऐकून लिहून ठेवले आहे. आपल्या आधी सुमारे शंभर वर्षांपूर्वी एक गरीब शेतकरी भरड धान्य पेरण्यासाठी जमीन खणीत असता त्याला सुमारे २५ कॅरटांचा टोकदार खडा सापडला, असे तो म्हणतो. त्या शेतकऱ्याचे नाव मात्र कोणी त्याला सांगितले नाही. पुढे त्याच परिसरातून निघालेले हिरे बादशहांच्या आणि राजांच्या नावांनी प्रसिद्ध झाले.

आता मूळ प्रश्न. नदीकाठच्या गोट्यांत हिरा आला कोठून? आपल्या पूर्वजांनी यावर पुष्कळ विचार केला होता. सहाव्या शतकात वराहमिहिराने 'बृहत्संहिते'त कोणत्या प्रदेशाचा हिरा कोणत्या रंगाचा याची यादी दिली आहे. त्या यादीत वेणा नदीचा तट आहे, त्याकडे आपण नंतर वळू. गुण-दोष-छाया यांची परीक्षा एवढी सूक्ष्म की आजच्या पारख्याने मान डोलवावी. पण हिरा जमिनीत होतो कसा, हे कोणालाच उमगले नव्हते. अरबी कथांतल्या सिंदबादच्या गोष्टीत व्यापारी हिऱ्यांच्या दरीत मांसाचे तुकडे टाकतात, त्यांना हिरे चिकटतात आणि गिधाडे ते वर आणतात. हीच गोष्ट मार्को पोलोने आंध्रच्या किनाऱ्यावर ऐकली. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातले व्हॅलेंटाइन बॉल यांनी तिचा मोठा मार्मिक उलगडा केला: नवी खाण उघडताना जनावराचा बळी देण्याची रूढी होती, ते मांस घारी-गिधाडे उचलून नेत, आणि दुरून पाहणाऱ्या परदेशी व्यापाऱ्याने त्यावरून कथा रचली. बॉलसाहेबांचा तर्क सर्वस्वी खरा असो वा नसो, आमच्या मते तो कथेपेक्षा सरस आहे.

खरे उत्तर मिळाले ते दक्षिण आफ्रिकेत, आणि तेही नदीच्या वाटेनेच. १८६७ च्या सुमारास ऑरेंज नदीजवळ एका शेतकऱ्याच्या मुलाला चमकणारा गोटा सापडला. लोकांनी नदीकाठ खणून काढला. १८७०–७१ च्या सुमारास नदीपासून कित्येक मैल दूर, कोरड्या माळावर, हिरे सापडू लागले. वर पिवळी माती, खाली निळसर कठीण खडक, आणि तो खडक खाली खाली जातच राहिला. तेथे किंबर्ले शहर वसले आणि त्यावरून खडकाला किंबर्लाइट हे नाव पडले. हा ज्वालामुखीचा खडक. पण हा ज्वालामुखी साधा नव्हे. हिरा तयार होतो तो भूपृष्ठाखाली दीडशे-दोनशे किलोमीटर खोलीवर, प्रचंड दाबाखाली. कित्येक हिऱ्यांचे वय शंभर ते तीनशे कोटी वर्षे भरते. तितक्या खोलीवरून वायूंनी भरलेला शिलारस काही तासांत किंवा दिवसांत वर उसळतो आणि वाटेतले हिरे सोबत घेऊन येतो. हिरा किंबर्लाइटात जन्मत नाही; किंबर्लाइट हे त्याचे वाहन. वर आल्यावर जी जागा उरते ती नळीसारखी, वर रुंद व खाली निमुळती. गाजर जमिनीत रोवले तर दिसेल तशी.

सह्याद्रीच्या मुलखातून आलेल्या आपल्यासारख्यांना लगेच शंका येते. आपला सारा महाराष्ट्र ज्वालामुखीच्या काळ्या दगडाचा; मग रायगडाखाली हिरे का नाहीत, नुसती हिरकणीच का? याचे कारण असे की, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर पसरलेला तो लाव्हा पुष्कळच कमी खोलीवर वितळला आणि भेगांतून शांतपणे पसरला. हिऱ्याला हवी असते अतिप्राचीन, जाड आणि थंड अशी भूमी, जिची मुळे खोल गेलेली आहेत. अशा भूमीतच हिरे धरणारे किंबर्लाइट सापडतात, हा नियम क्लिफर्ड नावाच्या शास्त्रज्ञाने १९६६ साली मांडला. आपण बसलो आहोत ते कर्नाटक अशाच भूमीचा भाग आहे. इथले काही खडक तीनशे कोटी वर्षांहून जुने आहेत. त्यांच्यापुढे समोरच्या चामुंडी टेकडीचा ग्रॅनाइट, वय सुमारे ऐंशी कोटी वर्षे, हा कालचा पोर! तरीपण म्हैसूरपासून दक्षिणेकडे जावे तसतसे त्या प्राचीन भूमीचे वरचे थर झिजून खोलवरचे उघडे पडले आहेत, आणि जे कृष्णेला व पेन्नारला लाभले ते कावेरीला लाभलेले दिसत नाही. श्रीरंगपट्टणला सहलीला जाणाऱ्या बालगोपाळांनी वाळू जरूर उपसावी. पण आशा बेताची ठेवावी.

उत्तरेकडे मात्र रायचूरच्या भागात किंबर्लाइट आढळले आहेत, आणि अनंतपूर जिल्ह्यात तर वज्रकरूर आहे. नावातच वज्र आहे. शेतात हिरे सापडण्याबद्दल हे गाव पूर्वापार प्रसिद्ध. १८८० नंतरच्या दोन-तीन वर्षांत येथे ६७ कॅरटांचा एक खडा सापडला. गावाजवळच्या निळसर-हिरव्या खडकाची किंबर्लेच्या खडकाशी तुलना एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीसच सुरू झाली होती. स्वातंत्र्यानंतर भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने त्या परिसरात एकामागून एक नळ्या शोधून काढल्या. त्यांचे वय सुमारे ११० कोटी वर्षे. तेथे सर्वेक्षणाचे एक लहानसे किंबर्लाइट संग्रहालय आहे; गुंटकलच्या बाजूने जाणाऱ्यांनी अर्धा दिवस काढून अवश्य पाहावे.

नळी शोधतात कशी, हे आम्हांला तेथे एका तरुण भूवैज्ञानिकाने समजावून सांगितले. हिरा थेट शोधणे व्यर्थ, कारण तो फार विरळा. पन्ना जिल्ह्यातल्या मझगवाँच्या खाणीत शंभर टन खडक फोडला तर सुमारे दहा कॅरट, म्हणजे अवघे दोन ग्रॅम हिरे मिळतात. पाच कोटी भागांत एक भाग. म्हणून शोधावयाचे ते त्याचे सोबती. जांभळट लाल रंगाचे पायरोप गार्नेट, हिरवेगार क्रोम डायॉप्साइड, मॅग्नेशियम असलेले काळे इल्मेनाइट, क्रोमाइट: ही खनिजे त्याच खोलीवरून त्याच वाहनाने आलेली असतात आणि हिऱ्यापेक्षा कितीतरी अधिक संख्येने. ओढ्याच्या वळणावर, जेथे जड रेती थबकते तेथे, परातीत रेती धुवावयाची, दाणे निवडावयाचे, सूक्ष्मदर्शकाखाली मोजावयाचे. मग वरच्या अंगाला जाऊन पुन्हा तेच. दाणे वाढत गेले, त्यांच्या कडा धारदार दिसू लागल्या, की घर जवळ आले असे समजावे. ज्या ठिकाणी दाणे एकाएकी थांबतात त्याच्या खालच्या अंगाला कोठेतरी नळी असते. किंबर्लाइट लवकर कुजतो, त्यावर काळी माती आणि चुनखडीचे कंकर जमतात, वरून काहीच दिसत नाही. तेव्हा चुंबकीय मोजणीचा आधार घेतात आणि शेवटी वेधन करून खात्री करतात. ज्या कामाला आम्ही ऑडिट म्हणतो तेच हे! खर्चाच्या शेवटच्या नोंदीपासून मागे मागे जात मूळ आदेशापर्यंत पोहोचावयाचे. आणि जसा एक कागद गहाळ झाला की आमची साखळी तुटते, तशीच एका दाण्याची जागा नीट टिपली नाही की त्यांची.

पण या सरळ वाटेत एक मोठा गुंता आहे, आणि आमच्या मते साऱ्या विषयातला रस त्यातच आहे. नंद्याळ जिल्ह्यात, जो २०२२ पर्यंत कर्नूल जिल्ह्याचा भाग होता, बनगानपल्ली नावाचे गाव आहे. आंब्यासाठी आपण त्याचे नाव ऐकले असेल. तेथे हिरे सापडत ते आजच्या नदीच्या रेतीत नव्हे, तर घट्ट खडकात. आणि तो खडक म्हणजे कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या नद्यांनी व उथळ समुद्राने आणून टाकलेल्या गोट्यांचा दगड झालेला थर. म्हणजे प्रथम ज्वालामुखी. तो झिजून त्याचे हिरे पुराणकाळच्या गोट्यांत. ते गोटे आवळून खडक. मग तो खडक पुन्हा झिजून आजच्या कृष्णा-पेन्नारच्या रेतीत. एका हिऱ्याने किती घरे बदलली याचा हिशेब कोण ठेवणार! या प्रवासात भेगाळलेले, कच्चे हिरे फुटून जातात आणि धडधाकट तेवढे टिकतात. म्हणूनच नदीच्या गोट्यांतले हिरे नळीतल्या सरासरी मालापेक्षा उजवे असतात.

कोल्लूरच्या अव्वल हिऱ्यांचे मूळ कोणते, हे कोडे त्यामुळेच आजही पुरते सुटलेले नाही. वज्रकरूरच्या नळ्या हेच त्यांचे मूळ असावे असे मत अलीकडे मांडण्यात आले आहे. पण वज्रकरूर तेथून सुमारे तीनशे किलोमीटर दूर, आणि तेथील नळ्यांतून कोल्लूरच्या तोलाचा माल निघाल्याचे दिसत नाही. कोल्लूरच्या जवळपास, कृष्णेच्या खोऱ्यात रामन्नपेट येथे, किंबर्लाइटाचा चुलतभाऊ म्हणावा असा लॅम्प्रोइट सापडला, तोही कोरडाच. कोहिनूर, होप यांसारखे मोठे व अत्यंत शुद्ध हिरे बहुधा नेहमीच्या दुपटीहून अधिक खोलीवर घडले असावेत, असेही गेल्या काही वर्षांतले संशोधन सांगते. प्रत्येक उत्तराबरोबर प्रश्न खोल जातो.

आणि आता तो प्रश्न कोल्लूरला जाऊन विचारण्याची सोय राहिलेली नाही. कृष्णेवर पुलिचिंतला येथे धरण झाले, २०१३ साली त्याचे उद्घाटन झाले, आणि कोल्लूर गाव जलाशयाखाली गेले. शेतीला पाणी हवे, हे नाकारणारे आम्ही कोण? परंतु साठ हजार माणसांनी खणलेले खड्डे, धुण्याची अंगणे, टाकून दिलेल्या गोट्यांचे ढीग, यांची बुडण्यापूर्वी जेवढी बारकाईने मोजणी व्हावयास हवी होती तेवढी झाली असती, तर पुढच्या भूवैज्ञानिकाला निदान नकाशा मिळाला असता.

कर्नूल जिल्ह्यातल्या तुग्गली, जोन्नगिरी, मद्दिकेरा या गावांची हकीकत याहून चमत्कारिक आहे. अशोकाचे शिलालेख असलेले एर्रगुडी याच बाजूला. मृगाचा पहिला पाऊस पडून तांबड्या मातीवरची धूळ धुऊन निघाली, की तेथल्या नांगरलेल्या शेतांत शेकडो माणसे मान खाली घालून चालू लागतात. लांबलांबच्या गावांहून कुटुंबेच्या कुटुंबे येतात, झाडाखाली बिऱ्हाड करतात, दशम्या बांधून आणतात. ऊन तिरपे असताना, सकाळी आणि संध्याकाळी, खडा चमकतो म्हणतात. आम्ही हे दृश्य दोन पावसाळे पाहिले. एका वृद्ध बाईंना आमच्या तेलुगू सहकाऱ्यामार्फत विचारले, "अम्मा, नेमका कोणत्या बांधाला सापडतो हो?" त्या हसल्या आणि म्हणाल्या, "ते ठाऊक असते तर मी तुम्हांला सांगितले असते का, आणि ठाऊक नाही म्हणूनच ना मी सगळीकडे चालते?" तर्कशास्त्राच्या प्राध्यापकाने वाकून नमस्कार करावा असे उत्तर!

पण पुढचा भाग हसण्यासारखा नाही. सापडलेला खडा तेथल्या तेथे व्यापाऱ्याच्या माणसाला दाखवावयाचा; तो सांगेल तो भाव, रोख, आणि तोंड बंद. सापडणाऱ्याला त्याच्या खऱ्या किमतीचा किती अंश मिळतो हे त्याला कधीच कळत नाही. ज्याच्या शेतात सापडला त्याला बहुधा वार्ताच नसते. सरकारात जमा काही नाही. आणि आम्हांला सर्वांत अधिक टोचते ती गोष्ट निराळी: तो खडा कोणत्या शेतात, कोणत्या ओहोळाच्या कोणत्या काठाला, किती वजनाचा सापडला, ही एका ओळीची माहिती कायमची नाहीशी होते. दरसालच्या पावसात असे किती दाखले पुसले जात असतील! दोनशे वर्षांच्या अशा ओळी जर कोणी एका वहीत उतरून ठेवल्या असत्या, तर त्या वहीने एखादी अज्ञात नळी दाखवून दिली असती, असे त्या तरुण भूवैज्ञानिकाचेही म्हणणे होते. खड्याची किंमत एकदाच वसूल होते. जागेच्या नोंदीची किंमत पिढ्यान् पिढ्या वसूल होत राहते.

याउलट पन्नाला पाहा. बाजीरावसाहेब १७२९ साली छत्रसालाच्या मदतीला धावून गेले आणि त्या राज्याचा तिसरा हिस्सा मराठ्यांकडे आला, हे आपण शाळेत शिकलो. पन्ना मात्र थोरले चिरंजीव हृदयशहा यांच्या वाटणीत राहिले. तेथे आजही साधा मजूर वर्षाला दोनशे रुपये भरून आठ मीटर लांब व तितकीच रुंद अशी जागा खणावयास घेतो. हिरे धरणाऱ्या गोट्यांच्या थराला ते लोक 'चाल' म्हणतात. चाल काढावी, धुवावी, वाळवावी, निवडावी: ताव्हेर्निएने पाहिले तेच. फरक इतकाच की सापडलेला हिरा सरकारच्या हिरा कार्यालयात आणून द्यावयाचा. तेथे वजन होते, नाव लिहिले जाते, जागा लिहिली जाते. लिलाव होतो आणि सरकारचा हिस्सा वजा जाता रक्कम त्या मजुराला मिळते. २०१८ साली एका मजुराला ४२ कॅरटांहून मोठा खडा सापडला आणि लिलावात त्याचे अडीच कोटींहून अधिक रुपये आले. सारेच खडे कार्यालयात पोहोचतात असे मानण्याइतके आम्ही भोळे नाही. आमची नोकरीच तशी नाही. परंतु वही आहे, आणि वहीत ओळ आहे. बंगळूरला सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी हिऱ्यांच्या प्रकाशावर वर्षानुवर्षे संशोधन केले, त्यात पन्नाचेही हिरे होते.

तेव्हा नळी सापडली म्हणजे सारे मंगल झाले असेही नव्हे. पन्नाच्या शेजारी छतरपूर जिल्ह्यात बक्सवाहाच्या जंगलात एका परदेशी कंपनीने ओढ्यांची रेती तपासत तपासत २००४ च्या सुमारास मोठा साठा हुडकून काढला. २०१७ साली ती कंपनी प्रकल्प सोडून गेली. २०१९ साली त्याचा पुन्हा लिलाव झाला. खाणीसाठी ३६४ हेक्टर वन आणि दोन लाखांवर झाडे जावयाची, म्हणून लोक उठले आणि प्रकरण न्यायालयांत गेले. मझगवाँची सरकारी खाणही व्याघ्रप्रकल्पाच्या अंगाला असल्यामुळे २०२० च्या अखेरीस परवान्यांच्या प्रश्नावरून थांबली होती. आमचे मत विचाराल तर शोध घेणे आणि खणणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. शोध घ्यावा, नकाशावर नोंदवावा, आणि खणण्याचा निर्णय घाईने करू नये. हिरा शंभर कोटी वर्षे थांबलेला आहे. आणखी पन्नास वर्षांनी त्याचे काही बिघडत नाही.

आता वेणा नदीकडे वळतो. वराहमिहिराची वेणा म्हणजे आपली वैनगंगा, असे अनेक अभ्यासक मानतात. गडचिरोली जिल्ह्यात, आरमोरी तालुक्यात, खोब्रागडी आणि सातनाला यांच्या संगमाजवळ वैरागड नावाचे गाव आहे. आमचे मूळ गाव त्या बाजूचे. तेव्हा ते चांदा जिल्ह्यात होते, १९८२ साली गडचिरोली जिल्हा निराळा झाला. वैरागड म्हटले की लोकांना वैर आठवते, नाही तर वैराग्य. दोन्ही चूक! वज्राचे प्राकृतात 'वइर' होते, आणि आकर म्हणजे खाण. वज्राकर, वइरागर, वैरागड. अनंतपूरचे वज्रकरूर आणि आमचे वैरागड ही नावाने सख्खी भावंडे. रतनपूरच्या जाजल्लदेवाच्या १११४ च्या शिलालेखात वैरागराचा उल्लेख आहे. त्याही आधी कुलोत्तुंग चोळाच्या लेखांत वयिरागरम् आले आहे. गोव्यात १५६३ साली छापलेल्या गार्सिया द ओर्ताच्या ग्रंथात वऱ्हाडच्या इमादशाहीजवळच्या हिऱ्यांच्या खाणीची वार्ता आहे, आणि अबुल फजलच्या 'ऐन-इ-अकबरी'त तर वैरागडच्या खाणीचे नावच घेतले आहे. म्हणजे संस्कृत, तमिळ, पोर्तुगीज, फारसी अशा चार भाषांत या परिसराची आवई गेली होती. इंग्रज येईपर्यंत खाणी ओस पडल्या होत्या. आज तेथे खंदकाचा जुना किल्ला आहे, भंडारेश्वराचे मंदिर आहे, तांबूस जांभ्याची रेती आहे, आणि खाणीच्या खड्ड्यांच्या खुणा आहेत.

शेजारच्या छत्तीसगडात मैनपूरजवळ बेहराडीह व पायलीखंड येथे, बस्तरात तोकापाल येथे किंबर्लाइट सापडले. वैरागडच्या हिऱ्यांचा मूळ खडक मात्र अजून कोणी दाखवून दिलेला नाही. तो जुन्या गोट्यांच्या एखाद्या थरातून आला, की जंगलाखाली कोठे नळी दडली आहे, हे ठरावयाचे आहे. तेथे शोध घेणाऱ्याला परात, चाळणी आणि सूक्ष्मदर्शक लागतील. पण त्याआधी लागेल ती गावकऱ्यांच्या तोंडची माहिती. कोणत्या बोडीला, कोणत्या ओहोळाला, कोणत्या टेकाडाला पूर्वापार काय नाव आहे, खाणकाम करणाऱ्यांची घरे कोठे होती, राख आणि धुतलेल्या गोट्यांचे ढीग कोठे दिसतात. ही नावे गोंडीत आहेत, झाडीबोलीत आहेत, आणि ती सांगणारी माणसे आता थोडी उरली आहेत. आम्ही गेल्या खेपेस गेलो तेव्हा एका गृहस्थांकडून अशी अकरा नावे उतरून घेतली. त्यांचे वय ऐंशीच्या पुढे होते, आणि त्यांच्या नातवाला त्यांतली दोनच ठाऊक होती.

म्हणून जाता जाता एक विनंती. म्हैसुरातल्या आपल्या मंडळींत वैदर्भीय कुटुंबे बरीच आहेत. ज्यांचे आरमोरी, देसाईगंज, कुरखेडा, ब्रह्मपुरी या बाजूस जाणे-येणे असेल त्यांनी सुट्टीत गावी गेल्यावर वडीलधाऱ्यांकडून शेता-ओढ्यांची नावे एका वहीत लिहून आणावीत, कोणी सांगितले आणि कोणत्या दिवशी तेही लिहावे. कोणाच्या घरी भोसल्यांच्या काळचे मोडी कागद पडून असतील आणि त्यांत वैरागड परगण्याच्या वसुलीचा काही मजकूर निघाला, तर तो मंडळाच्या ग्रंथालयात आणून दाखवावा. मोडी आम्हांस बरी वाचता येते. दर रविवारी दहा ते बारा आम्ही तेथे असतो.